सूत दिसलं पाहिजे : वर्ध्यातून पाहिलेला कॉम्प्रेशनचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ एक्स्पोर्ट करायच्या सेटिंग्ज कुठून आल्या, असं आजचा विषय पाहून काही जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी आम्ही आमचीच एक चूक सांगतो.

२००९ सालची गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून एक बाई व्हीएचएस कॅसेट घेऊन आमच्याकडे आल्या. गावच्या भजन मंडळाचा नव्वदच्या दशकातला कार्यक्रम, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानेच टिपलेला. त्यात त्यांचे सासरे खंजिरी वाजवत होते. ते पुढे वारले. आम्ही कॅसेट संगणकात उतरवली. तासाभराची फाइल १३ जीबीची झाली. आमच्या हार्ड डिस्कवर जागा नव्हती आणि बाईंना तर ते मोबाइलवर पाहायचं होतं. त्या काळात मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, आठवतं ना? त्या कार्डात मावायला हवं. म्हणून आम्ही एक्स्पोर्टच्या यादीतला सगळ्यात लहान पर्याय घेतला. चित्र ३२० बाय २४०, सेकंदाला ३०० किलोबिट. आवाज मोनो, ३२ किलोबिट. १३ जीबीचं ओझं १५० एमबीवर आलं. आम्ही खूश. मूळ फाइल पुसली, कॅसेट परत केली.

चार पावसाळ्यांनी त्या बाई पुन्हा आल्या. ट्रंकेत ठेवलेल्या कॅसेटला बुरशी लागली होती, फीत एकमेकांना चिकटली होती. आम्ही पुष्कळ खटपट केली, पण हाती काही लागलं नाही. आणि कार्डातल्या फाइलबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, खंजिरी अशी नव्हती वाजत जी. हे तर पानी सांडल्यावानी वाटते."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ते बरोबर का होतं, हे कळायला आम्हाला बराच इतिहास वाचावा लागला. तोच आज मांडतो.

काटकसरीचा जिल्हा

आपला जिल्हा काटकसरीचा. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. आलेल्या पत्रांची पाकिटं उलटी करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचं अर्थशास्त्र मांडत होते. वस्तू वाया जाऊ न देणं हा इथे संस्कारच आहे. त्यामुळे फाइल लहान झाली की आपल्याला आपण काही चांगलं केलं असं वाटतं.

पण पाकिटाची कोरी बाजू वापरली तर आतलं पत्र काही नाहीसं होत नाही. आम्ही खंजिरीच्या बाबतीत पत्रच फाडलं आणि पाकीट जपलं. काटकसर कुठे करायची, हा खरा प्रश्न आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत जे आकडे दिसतात ते सगळे याच प्रश्नाचे तुकडे आहेत.

साने गुरुजींचं लेखन

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हे समजायला संगणकाच्या आधीचं एक उदाहरण घेऊ. १९२१ पासून वर्ध्याचा आश्रम सांभाळणारे विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. समोर साने गुरुजी बसत आणि लिहून घेत. आज आपण जी 'गीता प्रवचने' वाचतो ती त्या हातांतून आली.

आता विचार करा, त्या लेखनात काय राहिलं आणि काय गेलं. विचार राहिला, दृष्टान्त राहिले, वाक्यांची चालही राहिली. विनोबा कुठे थांबले, कुठे हसले, आवाज कुठे चढला, हे गेलं. गुरुजींनी वाईट केलं असं कोणी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ वही आणि लेखणी होती आणि काय राखायचं याची जाण होती. प्रत्येक कॉम्प्रेशनमध्ये असंच कोणीतरी ठरवत असतं की हे राखू आणि हे सोडू. संगणकात ते ठरवणारा सूत्रांचा एक संच असतो, त्याला कोडेक म्हणतात. गुरुजींना गीता कळत होती. कोडेकला खंजिरी कळत नाही. त्याला सर्वसाधारण डोळा आणि सर्वसाधारण कान, एवढंच शिकवलेलं असतं.

नासिर अहमद यांची युक्ती

हे सूत्र कुठून आलं? बंगळूरला १९४० साली जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. प्रतिमा थोडक्या आकड्यांत कशी मांडता येईल यावर त्यांनी १९७२ साली अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. तरी काम चालू राहिलं आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. १९९२ चं जेपीईजी, १९९३ चं एमपीईजी-१, नंतर डीव्हीडीचं एमपीईजी-२, २००३ चं एच.२६४, या सगळ्यांच्या मुळाशी ही युक्ती किंवा तिची भावंडं आहेत.

युक्ती समजायला सोपी आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात ६४ ठिपके. त्या ६४ ठिपक्यांऐवजी दुसरे ६४ आकडे लिहा. पहिला आकडा सांगतो की चौकोन एकंदरीत किती उजळ आहे. पुढचे आकडे सांगतात की आत चढउतार किती आहेत. आधी ढोबळ, मग बारीक, मग अतिबारीक. आता प्रत्येक आकड्याला भागा आणि पूर्णांक करा. बारीक चढउतारांचे आकडे मुळातच लहान, ते शून्य होतात. शून्यं साठवायला जागा जवळजवळ लागत नाही. झालं कॉम्प्रेशन.

आपण बिटरेट कमी करतो तेव्हा हा भाजक मोठा होतो, जास्त आकडे शून्य होतात. सगळ्यात आधी बारीक तपशील जातो. चरख्याचं चित्रीकरण डोळ्यांसमोर आणा. चात्यापासून हातापर्यंत ताणलेलं पांढरं सूत पडद्यावर एक-दोन ठिपक्यांच्या जाडीचं असतं. कमी बिटरेटला सूत नाहीसं होतं. माणूस दिसतो, चरखा दिसतो, हात वर जाताना दिसतो, आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय तेवढंच दिसत नाही.

दुसरी बचत काळाची असते. सेकंदाला २५ चित्रं. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा फरक नसतो. म्हणून कोडेक मधूनमधून एक पूर्ण चित्र साठवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या चित्रांत फक्त बदल लिहितो. व्याख्यात्यामागची भिंत एकदाच लिहिली की काम झालं. म्हणून स्थिर कॅमेऱ्याने घेतलेलं भाषण स्वस्तात मावतं आणि पोळ्याची मिरवणूक मावत नाही. गर्दी, धूळ, उधळलेला गुलाल, यांत प्रत्येक ठिपका बदलत असतो.

कनू गांधींच्या तीन अटी

आता सेवाग्रामचा एक खास प्रश्न. गांधीजींच्या नात्यातले कनू गांधी आश्रमात त्यांचे फोटो काढत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी तीन अटी घातल्या होत्या. फ्लॅश वापरायचा नाही, आपल्याला कधी मुद्दाम उभं राहायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही.

या अटी फोटोंत दिसतात. झोपडीतला प्रकाश कमी, फ्लॅश नाही, माणूस हलता. त्यामुळे कितीतरी फोटो मंद आणि खरखरीत आहेत. ती खरखर म्हणजे फिल्मवरचे चांदीचे कण. आज असा फोटो स्कॅन करून माहितीपटात घातला की कोडेक अडचणीत येतो. त्याच्या लेखी कण म्हणजे विनाकारण बारीक चढउतार. तो ते पुसतो आणि बापूंचा चेहरा मेणाचा दिसायला लागतो. फ्लॅश न वापरण्याची अट पाळून काढलेल्या फोटोचा पुरावाच आपण एक्स्पोर्ट करताना घालवतो.

बापू कुटीच्या आतल्या चित्रीकरणातही हेच होतं. मातीच्या भिंती, मीराबहेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. ते काम रंगाने उठत नाही, सावलीने उठतं. अंधुक भागात उजळपणाचा फरक अगदी थोडा असतो आणि कमी बिटरेटला तिथे नुसते चौकोनी डाग उरतात. अशा चित्रीकरणाला इतरांपेक्षा जास्त बिटरेट द्यावा लागतो. एच.२६४ मध्ये सीआरएफ नावाची सोय असते. तिच्यात आपण फाइलचा आकार न सांगता दर्जा सांगतो. आकडा जितका कमी तितका दर्जा वरचा. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरमध्ये ठरीव आकडा २३ आहे. बोलत्या माणसाला तो चालतो. मंद प्रकाशाला आणि जुन्या फिल्मला आम्ही १८ पर्यंत खाली येतो.

धावणारे गांधीजी

आणखी एक चूक वारंवार दिसते. मूकपटाच्या काळातली फिल्म बऱ्याचदा सेकंदाला १६ ते १८ चित्रं या गतीने टिपलेली असे. ती बोलपटाच्या २४ च्या गतीने दाखवली की सगळे धावताना दिसतात. दांडीयात्रेतले गांधीजी आपल्याला जेवढे घाईत वाटतात, त्यातली थोडी घाई प्रोजेक्टरची आहे. चालायचे ते भराभरच, ही गोष्ट वेगळी! म्हणून फ्रेमरेटच्या रकान्यात सवयीने ३० लिहू नका. मूळ जे असेल तेच ठेवा.

कॅसेटचं कोडं निराळं. आपल्याकडे दूरदर्शनची पद्धत पाल. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या ओळी. याला इंटरलेसिंग म्हणतात. असं चित्र तसंच लहान केलं की हलणाऱ्या हाताला फणीसारखे दात येतात. खंजिरीवरचा हात आमच्या फाइलमध्ये तसाच फिसकटला. योग्य रीत अशी की आधी त्या अर्ध्या चित्रांची नीट पूर्ण चित्रं करायची, शक्यतो सेकंदाला ५०, आणि आकार मग लहान करायचा.

कानाची फसवणूक

आता खंजिरीच्या आवाजाकडे येऊ. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज सेवाग्रामला आले आणि महिनाभर राहिले. खंजिरी भजन विदर्भाच्या गावागावांत पोचलं ते त्यांच्यामुळे. या वाद्यात दोन आवाज असतात. चामड्यावरची थाप, जी एका क्षणात उमटते आणि संपते. आणि झांजांची किणकिण, जी खूप उंच वारंवारतेची असते.

एमपी३ आणि त्यानंतरचं एएसी हे कानाच्या एका कमजोरीवर चालतात. मोठा आवाज चालू असताना शेजारच्या वारंवारतेचा लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही. जो ऐकू येणार नाही तो साठवायचाच कशाला? विचार चांगला आहे. पण काम तुकड्यातुकड्याने होतं. ४४.१ किलोहर्ट्झला एमपी३ चा एक तुकडा ११५२ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा. तुकड्याच्या मध्यावर थाप पडली तर पूर्णांक करताना झालेली चूक तुकडाभर पसरते, थापेच्या आधीसुद्धा. थाप पडण्यापूर्वीच एक फुसफुस ऐकू येते. कोडेकमध्ये यावर उपाय आहेत, तुकडे लहान करता येतात, पण त्याला बिट लागतात. ३२ किलोबिटमध्ये ते मिळत नाहीत. वर जागा वाचवायला उंच वारंवारता कापल्या जातात, म्हणजे झांजा गेल्या. व्हीएचएसच्या साध्या ध्वनिपट्टीवर मुळातच सुमारे १० हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं. जे थोडं उरलं होतं ते आम्ही घालवलं. "पानी सांडल्यावानी" हे त्याचं अचूक वर्णन आहे.

त्या काळच्या साध्या फोनवर रेकॉर्ड झालेलं भजन याहून वाईट. ३जीपी फाइलमधला एएमआर हा कोडेक टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी घडवलेला. सेकंदाला ८ हजार नमुने, म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या वर काहीच नाही. समोर माणूस बोलतोय असं तो धरूनच चालतो. खंजिरीलाही तो बोलणं समजतो.

उलट टोकाला आहे शांतता. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून पवनारला वर्षभर मौन पाळलं. सेवाग्रामच्या प्रार्थनेतही काही क्षण मौन असतं. शांतता साठवायला कोडेकला काहीच पडत नाही, पण पिंपळाखालची शांतता म्हणजे शून्य नव्हे. पानं सळसळतात, पाखरं ओरडतात, कोणीतरी खोकतं. आपण 'नॉइज रिमूव्हल' लावून आवाज आधीच स्वच्छ करतो आणि जागेची सगळी ओळख पुसून टाकतो. साफसफाई करायचीच तर प्रतीवर करा, मूळ फाइलवर कधी नको.

झेरॉक्सची झेरॉक्स

१९९३ साली व्हीसीडीचं प्रमाण ठरलं. गाण्याची सीडी ज्या वेगाने वाचली जाते जवळपास त्याच वेगात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे होते. म्हणून चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४, आकार ३५२ बाय २८८. लग्नं, कीर्तनं, नाटकं या मापात कापली गेली. पुढे लोकांनी व्हीसीडीवरून ३जीपी केली, ३जीपीवरून आणखी काही. प्रत्येक वेळी आधीच्या चुकांवर नव्या चुका. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं जशी भरून जातात, तसंच. विठ्ठलभाई झवेरींचा १९६८ चा 'महात्मा' हा साडेपाच तासांचा माहितीपट घ्या. त्याचे तुकडे फिरत फिरत आपल्या फोनवर येतात तेव्हा ते नेमक्या कितव्या पिढीचे असतात, हे पाहून सांगता येत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही झालं. याआधी १९६९ साली पु. शि. रेगे अध्यक्ष असताना संमेलन इथे भरलं, तेव्हा श्रोत्यांच्या हातात कॅमेरे नव्हते. २०२३ मध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात होता. मग या वेळचं जास्त टिकेल का? नक्की सांगता येणार नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते. यूट्यूबही आपण चढवलेली फाइल पुन्हा आपल्या पद्धतीने एन्कोड करतं. म्हणून तिथे चढवताना कंजूषपणा नको. १०८० च्या साध्या फ्रेमरेटच्या व्हिडिओला त्यांचीच शिफारस ८ मेगाबिटची, स्टिरिओ आवाजाला ३८४ किलोबिटची आहे.

आता आम्ही काय करतो

एक मूळ प्रत आणि अनेक वाटपाच्या प्रती, हा आमचा नियम. मूळ प्रतीत काटकसर नाही. कॅसेट असेल तर एफएफव्ही१ या कोडेकमध्ये. तो काहीही टाकून देत नाही, पुन्हा उलगडलं की प्रत्येक ठिपका जसाच्या तसा मिळतो. पाल चित्राचा कच्चा तास सुमारे ७५ जीबीचा, एफएफव्ही१ मध्ये तो पुष्कळ कमी होतो. मिनीडीव्ही कॅसेटचा डेटा जसा आहे तसा उतरवायचा, पुन्हा एन्कोड करायचा नाही. आवाज कॉम्प्रेशनशिवाय, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओचा तास फार तर १ जीबीच्या थोडा वर. फोनने चित्रीकरण केलं असेल तर फोनमधून निघालेली फाइल हीच मूळ. तिच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

काटकसर करायची ती वाटपाच्या प्रतीत, आणि तिथे हात आखडू नये. आर्वी, आष्टी, समुद्रपूरकडच्या खेड्यांत रेंज कधी असते, कधी नसते. ४८० ओळींचं चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १ मेगाबिट धरला तर तासाला ४५० एमबी. नुसतं व्याख्यान ऐकायचं तर मोनो एएसी ६४ किलोबिट, तासाला २९ एमबी. हे व्याख्यानही तुम्हाला तसंच मिळेल. पण खंजिरी, टाळ, मृदंग असेल तर आवाज स्टिरिओ आणि १९२ किलोबिटच्या खाली नाही. जागा कमी पडली तर चित्रातून कापा.

आणि शेवटचं. कुठलाही आकडा पक्का करण्याआधी एका मिनिटाचा तुकडा एक्स्पोर्ट करून पाहा. तोही सोपा नको. जिथे गर्दी आहे, अंधार आहे, थाप आहे, तो घ्या. चरखा असेल तर सूत शोधा. सूत दिसत नसेल तर सेटिंग चुकलं.

त्या बाईंची १५० एमबीची फाइल आमच्याकडे अजून आहे, तीन ठिकाणी. तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. ही प्रत कशी झाली, कोणत्या आकड्यांनी झाली आणि खंजिरी मुळात अशी वाजत नव्हती, हे तिच्यात लिहिलं आहे. ते शेवटचं वाक्य त्या बाईंनी सांगितलं आणि आम्ही त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. भजनाचे शब्द फाइलमध्ये स्वच्छ कळतात, हात कळत नाही. तुमच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर अशी कॅसेट असेल तर हा पावसाळा लागायच्या आत बाहेर काढा. उतरवून झाल्यावर लगेच काही पुसू नका.